मणका आणि हिंदुराव वस्ताद

पाय गेले त्या आठवड्यात मी शंभर किलोची बैठक मारत होतो. फुशारकी म्हणून हे सांगत नाही. आजार अंगात कधी शिरला ते मला कळलं नाही, एवढंच सांगायचं आहे. मणक्याचा टीबी झालेल्या पुष्कळ माणसांना ते कळत नाही. पाठ दुखते, आणि पाठ काय, सगळ्यांचीच दुखते.

मी दस्तगीर शिकलगार. कोल्हापुरात उद्यमनगरातल्या एका फाउंड्रीत मोल्डर होतो. दिवसभर वाळूचे साचे भरायचे, त्यात वितळलेलं लोखंड ओतायचं आणि सुट्टी झाली की तालीम गाठायची. गोष्ट एकोणीसशे ऐंशीच्या आगेमागची. कुस्तीच्या या गावात पॉवरलिफ्टिंग तेव्हा नवं होतं. खांद्यावर वजन घेऊन बैठक, बाकावर उताणं पडून छातीवरून वर ढकलणं आणि जमिनीवरून उचलून ताठ उभं राहणं, असे त्यात तीन प्रकार. आमच्या तालमीतल्या निम्म्या प्लेटा मालकाला विचारून मीच भंगारातून ओतल्या होत्या. त्या वेळी माझं वय सव्वीस. घरात अम्मी, बायको मुमताज आणि तीन वर्षांची मुलगी शबनम.

ज्यांना हा आजार आज झाला आहे, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. गोळ्यांचं डॉक्टर सांगतील. मी बाकीचं सांगतो. त्यात माझ्याबद्दल चांगलं फार नाही.

पावसाळ्यातली तालीम

आमच्या तालमीला हिंदुराव वस्ताद होते. साठीचे, जुने पैलवान. गुडघा मोडल्यावर त्यांची कुस्ती सुटली होती. वजन उचलायचा हा नवा खेळ त्यांनी बाहेरगावच्या स्पर्धा नुसत्या बघून बघून समजून घेतला आणि आम्हाला शिकवला.

स्पर्धा दिवाळीनंतर सुरू व्हायच्या आणि उन्हाळ्यात संपायच्या. पावसाळ्याचे चार महिने मोकळे. त्या महिन्यांत वस्ताद कुणालाही जड वजनाला हात लावू देत नसत. हलक्या वजनावर आपापल्या चुका दुरुस्त करायच्या आणि जुन्यांनी नव्यांना शिकवायचं, असा त्यांचा नियम होता. "हंगामात तालमीनं तुला दिलं, आता तू दे," म्हणायचे. एकेका जुन्याच्या गळ्यात चार-चार नवे पडायचे.

माझ्या चौघांत बापू होता. मूळचा शिरोळचा, माझ्याहून चार वर्षांनी मोठा, उसाच्या मोळ्या उचलून खांदे झालेला. एकदा बैठका मारताना तो थांबला आणि कंबर धरून म्हणाला, "दस्तगीर, पाठीत कळ येतीया रं."

मी सगळ्यांसमोर हसलो. "कळ येती तर बांगड्या भर आणि घरात बस," म्हणालो, आणि त्याला आणखी वीस बैठका मारायला लावल्या. त्यानं मारल्या. मी असा शिकवत होतो, आणि लोक मला चांगला शिकवणारा म्हणत होते.

त्याच दिवसांत माझी स्वतःची पाठही दुखत होती. दोन खांद्यांच्या मधे, जरा खाली, एकाच जागी. संध्याकाळी अंग कणकणायचं, झोपेत घाम यायचा. वजन पाच-सहा किलो उतरलं होतं. मला त्याचा आनंदच झाला, कारण आता स्पर्धेत वजनाच्या खालच्या गटात उतरता आलं असतं. दुखण्याचं मी कुणाला सांगितलं नाही. बापूला हसलो होतो, आता कुणाला सांगणार?

शेवटी वस्तादांनीच ओळखलं. "पाठ अवघडलीया तुझी. झोप पालथा." तालमीच्या मातीवर मी पालथा झालो. त्यांनी तेल लावलं, भिंतीला हात टेकला आणि माझ्या पाठीवर चढले. आमच्याकडे पाठ तुडवणं म्हणतात त्याला. टाचेनं, मग चवड्यानं, कमरेपासून मानेपर्यंत. वस्तादांचे पाय पाठीला लागणं हा तालमीत मान होता. दोन दिवस बरं वाटायचं, परत दुखायचं, परत तुडवून घ्यायचो. असे पाच-सहा आठवडे गेले. पावसाळा संपून जड वजनं सुरू झाली, तेव्हा मी चालताना ठेचकाळायला लागलो. चप्पल पायातून निसटायची आणि मला पत्ता नसायचा.

तो दिवस

फाउंड्रीत सकाळी मी साच्याजवळ उकिडवा बसलो होतो. उठायला गेलो तर पाय उठले नाहीत. दुखलं नाही, मुंग्याही आल्या नाहीत. पाय तिथे होते, पण माझे नव्हते. बाजूच्या कामगारांना वाटलं मी थट्टा करतोय.

कुणीतरी तालमीत निरोप दिला. वस्ताद हातगाडी घेऊन आले, त्यांच्यामागं बापू. मला गाडीवर आडवा घातला आणि ते दोघं मला भर बाजारातून सरकारी दवाखान्यात घेऊन गेले. ओळखीची माणसं बघत होती. वस्तादांनी खांद्यावरचा टॉवेल काढून माझ्या तोंडावर टाकला. ऊन लागू नये म्हणून की मला कुणी ओळखू नये म्हणून, ते मी कधी विचारलं नाही.

पाठीचा एक्स-रे फोटो निघाला. दुपारी डॉक्टरांनी तो खिडकीच्या उजेडात धरला. डॉक्टर कोरडा माणूस. बोट ठेवून म्हणाले, "हे दोन मणके बघा. कुरतडलेले आहेत. टीबी."

मी म्हणालो, "डॉक्टर, मला खोकला न्हाई."

"हाडालाही होतो."

"मग पाय?"

"मणका खचलाय. आतल्या शिरेवर दाब आलाय. औषधानं दाब उतरला तर पाय येतील."

"आणि न्हाई उतरला तर?"

"तर येणार नाहीत," एवढं म्हणून त्यांनी फोटो पाकिटात घातला.

मुमताज दाराशी शबनमला कडेवर घेऊन उभी होती. डॉक्टरांनी टीबी म्हटल्यावर तिनं मुलीला या कडेवरून त्या कडेवर घेतलं, माझ्यापासून लांबच्या बाजूला. तिला ते कळलंही नसेल. मला कळलं.

फळीवर

गादी काढून मला लाकडी फळ्यांवर उताणा निजवला. हलू नये म्हणून दोन्ही कुशींना वाळूच्या पिशव्या लावल्या. उठायचं नाही, बसायचं नाही, सांगितल्याशिवाय कूस बदलायची नाही. रोज एक इंजेक्शन, आज डाव्या कुल्ल्यात, उद्या उजव्या. ती नव्वद झाली. पन्नासाव्याच्या सुमारास कानात रातकिड्यासारखा आवाज सुरू झाला. उजव्या कानानं मला आजही नीट ऐकू येत नाही. सोबत मूठभर गोळ्या. त्यांनी तोंड कडू व्हायचं आणि जेवण बाहेर यायचं.

सकाळी सहाला थर्मामीटर, सातला चहा. आठला पांढऱ्या साडीतली एक वयस्क सिस्टर यायची, टाचणीनं माझे तळपाय टोचायची आणि विचारायची, "लागतंय?" मी नाही म्हणायचो. ती वहीत काहीतरी लिहून पुढं जायची. असे साडेतीन महिने गेले.

सगळ्यात वाईट म्हणजे संडास-लघवी. कमरेखालचं काहीच कळत नव्हतं. नळी घातली होती. भांडं द्यायला माणूस वेळेवर यायचा नाही. ते सगळं हिंदुराव वस्ताद करायचे. रोज सकाळी साडेसहाला दुधाचा तांब्या घेऊन यायचे. भांडं धुवायचे. सिस्टरला हाताशी घेऊन मला एका कुशीवर करायचे, पाठ ओल्या फडक्यानं पुसायचे, कुठं कातडं लाल झालंय का बघायचे. सुऱ्यांना धार लावणाऱ्या जातीतल्या माझ्यासारख्या शिकलगाराची घाण तालमीचा वस्ताद उपसतोय, हे बघायला बाजूच्या वॉर्डातली माणसं दारात यायची. वस्ताद त्यांच्याकडे बघायचेही नाहीत.

माझ्या शेजारच्या खाटेवर दत्तोबा होते. मलकापूरचे, एसटीत ड्रायव्हर. त्यांनाही मणक्याचाच टीबी, पण पाय शाबूत होते. घाट उतरताना एसटीचा ब्रेक कसा लागत नाही ते ते रोज नव्यानं सांगायचे. मला हसवणारे तेवढे एकटेच होते.

जयसिंगपूरची गाडी

दुसऱ्या महिन्यात सासरे जयसिंगपूरहून आले. शिंपीकाम करणारे, मऊ बोलणारे. खाटेपासून चार हातांवर उभे राहिले.

"पोरगी लहान आहे, दस्तगीर," ते म्हणाले. "दोघींना घेऊन जातो. तू बरा झालास की बघू."

"मामू, हा टीबी हवेतनं लागत न्हाई. डॉक्टरांना विचारा."

"विचारलं. तेही तसंच म्हणाले." त्यांनी नातीकडे पाहिलं. "पण टीबीच ना?"

मी मुमताजकडे पाहिलं. ती बापाच्या मागं उभी होती. मी म्हणालो, "तू सांग. तुला जायचंय का?"

ती रडली असती तर मला सोपं गेलं असतं. ती शांतपणे म्हणाली, "शबनमला काही झालं तर मी काय करू?"

"जा," मी म्हणालो.

तीन वर्षांची शबनम खाटेजवळ यायला बघत होती. सासऱ्यांनी तिच्या दंडाला धरलं. त्या दिवसानंतर वर्षाहून जास्त मी माझ्या मुलीला पाहिलं नाही. अम्मी रोज दुपारी भाकरी घेऊन यायची आणि पाय चेपत बसायची. मला कळत नव्हतं, तरी चेपायची.

मी काय बोललो ते

मुमताज गेली त्याच आठवड्यात तालमीतले सात-आठ जण भेटायला आले. तोवर आले नव्हते. खाटेभोवती उभे राहिले. एकानं चादर जरा वर केली आणि माझ्या पोटऱ्या पाहिल्या. हातात मावतील एवढ्या झाल्या होत्या. तो दुसऱ्याला म्हणाला, "निम्म्यानं गेल्या की रं." कसायाच्या दुकानात उभे असल्यासारखे ते बोलत होते. मी ऐकतोय हे त्यांच्या ध्यानातच नव्हतं.

बापू शेवटी वाकला आणि सहज विचारल्यासारखं म्हणाला, "पाठीत कळ येती का रं?"

दोघं-तिघं हसले. बापूही हसला. त्याला हसण्याचा हक्क होता. तो तसा वाईट नव्हता, मला हातगाडीवरून आणणाऱ्यांत तोही होता. पण ते गेल्यावर मी छताकडे बघत राहिलो आणि अंगात जी आग झाली ती आजवर दुसऱ्या कशानं झाली नाही. कुणालातरी दुखवल्याशिवाय ती विझणार नव्हती. सासरे लांब होते, बापू गेला होता, अल्लाहला बोलून काही होत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वस्ताद आले. भांडं धुतलं, पाठ पुसली, फडकं बादलीत पिळत होते.

मी म्हणालो, "वस्ताद, डॉक्टर काय म्हणाले म्हाइती हाय का?"

"काय म्हणाले?"

"म्हणाले, मणका किडलेला हुता, पर उभा हुता. पाठीवर कुणीतरी पाय दिला म्हणून मोडला."

डॉक्टर असं काहीही म्हणाले नव्हते.

वस्ताद फडकं पिळत राहिले. त्यातलं पाणी संपलं होतं, तरी पिळत राहिले.

"असं म्हणाले?"

"व्हय. तुमच्या पायानं मोडला."

त्यांनी फडकं झटकून खाटेच्या दांडीवर वाळत घातलं. भांडं खाटेखाली सरकवलं. दुधाचा तांब्या माझ्या हाताला लागेल असा ठेवला. आणि मोडक्या गुडघ्यानं हळूहळू दरवाजातून बाहेर गेले.

दत्तोबांनी सगळं ऐकलं होतं. ते म्हणाले, "डाक्टर असं कवा म्हणाले रं? मी दोन म्हैनं हितंच पडलोय की."

"तुमी गप पडा."

"बरं, पडतो गप."

दुसऱ्या दिवशी साडेसहाला वस्ताद आले नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाहीत. भांड्याचा माणूस दहाला यायचा. तोपर्यंत मी माझ्या घाणीत पडून असायचो. पाठीला खाली एक व्रण पडला, तो भरायला तीन महिने लागले. सुरुवातीला, खोटं का बोला, मला बरं वाटत होतं. माझ्याइतकंच दुसऱ्या कुणाचंतरी मोडलं होतं.

अंगठा

चौथ्या महिन्यात एका सकाळी सिस्टरनं टाचणी टोचली आणि डाव्या अंगठ्याशी काहीतरी चावल्यासारखं झालं. मी म्हणालो, "लागतंय." ती वहीत लिहायला लागली होती. थांबली. परत टोचली.

"लागतंय, सिस्टर."

ती खाटेच्या पायथ्याशी बसली. वॉर्डात ती कधी बसत नसे. "हलव बघू," म्हणाली. अंगठा हलला, जेमतेम. दत्तोबांनी मान वाकडी करून पाहिलं आणि म्हणाले, "लागला बग ब्रेक."

त्यानंतर महिन्याभरातच दत्तोबा घरी गेले. डॉक्टर नको म्हणत होते, पण त्यांचं दुखणं थांबलं होतं, आणि मलकापूरला म्हैस व्यायला झाली होती. गोळ्यांची पिशवी घेऊन गेले. पुढं काय झालं ते सांगायलाच हवं. बरं वाटतंय म्हणून त्यांनी गोळ्या सोडल्या. मी अजून तिथंच होतो तेव्हा त्यांना चार जणांनी उचलून परत आणलं. आता पाय गेले होते आणि आजार मेंदूवर चढला होता. मला ओळखलं नाही. मला पॅसेंजर समजून "पुढं सरका, पुढं सरका" म्हणत होते. नऊ दिवसांनी गेले. हे वाचणाऱ्यानं दुसरं सगळं विसरलं तरी चालेल, पण दत्तोबांना विसरू नये. बरं वाटायला लागणं म्हणजे बरं होणं नव्हे.

घरी सोडायच्या आधी डॉक्टर माझा नवा फोटो बघत होते. त्यांच्या तोंडून ऐकावं म्हणून मी विचारलं, "डॉक्टर, कुणी पाठीवर पाय दिला म्हणून मणका मोडला का?"

त्यांनी वर पाहिलं. "पाठ तुडवणं वाईटच. आता कुणाला तुडवू देऊ नका. पण त्यानं हे झालेलं नाही. हाडच राहिलं नव्हतं तिथं, ते खचणारच होतं." मग म्हणाले, "आणखी दोन-चार दिवस उशीर झाला असता तर पाय परत आले नसते. तुम्हाला त्याच दिवशी इथं आणलं कुणी?"

मी काठ्यांना हात घातला. त्यांनाही घाई होती.

घर

आठ महिन्यांनी दोन काठ्यांवर घरी आलो. पाठीत उंचवटा राहिला, शर्टातूनही दिसणारा. फाउंड्रीत माझ्या जागी दुसरा माणूस लागला होता. मालकानं मला साच्यांचे लाकडी नमुने घासायचं बैठं काम दिलं. हे त्याचे उपकार होते.

गोळ्या चालूच होत्या. आणखी सहा-सात महिन्यांनी मुमताज परत आली. दारात उभी राहिली आणि म्हणाली, "मी चुकले असं मी म्हणणार नाही. पोरगी जगली." मी म्हणालो, "आत ये." आम्ही त्यावर पुन्हा कधी बोललो नाही. तसे संसार चालतात. शबनम माझ्या पाठीकडे बघून आजीच्या मागं लपली आणि म्हणाली, "हे अब्बा न्हवं." पंधरा दिवस ती माझ्या हातचं खात नव्हती.

वस्तादांकडे जायचं रोज ठरवत होतो. त्यांचं घर शिवाजी पेठेत, आमच्यापासून चालत वीस मिनिटं. काठी नीट जमू दे, मग जाऊ. एक काठी सुटू दे, मग जाऊ. दोनदा गल्लीच्या तोंडापर्यंत जाऊन परतलो.

मग बापू घरी आला. खाटेवर टेकत म्हणाला, "वस्तादांनी तालीम सोडली, तुला म्हाइती हाय का? तू दवाखान्यात हुतास तवाच. येतच न्हाईत. गुडघा दुखतो म्हणत्यात." मग चाचरत म्हणाला, "पावसाळा तोंडावर आलाय. नव्यांना दाखवायला कोण न्हाई. तू नुसता स्टुलावर बस आणि सांग."

वस्ताद का येत नाहीत ते कोल्हापुरात दोनच जिवंत माणसांना माहीत होतं.

मी गेलो. स्टुलावर बसून सांगायला लागलो. पाय किती अंतरावर, नजर कुठं, पाठ कशी सरळ. मला स्वतःला रिकामा दांडाही उचलायची बंदी होती. आता कुणी पाठ दुखते म्हणालं की मी त्याला वजन खाली ठेवायला लावायचो आणि आठवड्यात थांबली नाही तर फोटो काढायला पाठवायचो. बहुतेकांना काही नसायचं. ते माझ्यावर हसायचे. पाठ तुडवणं मी बंद केलं.

असे दोन पावसाळे गेले. दुसऱ्या पावसाळ्यानंतर तालमीत छोटी स्पर्धा झाली. तिच्या शेवटी मला पुढं बोलावलं, शाल घातली, नारळ दिला. एक पुढारी बोलले, "वस्तादांनी तालीम वाऱ्यावर सोडली, पण हा दस्तगीर मरणाच्या दारातून आला आणि दोन वर्षं तालमीला देतोय." टाळ्या वाजल्या. माझ्या चांगल्या कानानं मला त्या नीट ऐकू आल्या. उठून खरं काय ते सांगावं असं मनात आलं. मी शाल सावरली आणि खाली बसलो.

वस्तादांच्या घरी

दुसऱ्या दिवशी सकाळी गेलो. वस्तादांच्या सुनेनं दार उघडलं. ते आतल्या खोलीत खाटेवर बसून होते. मांड्या वाळल्या होत्या. पैलवानाच्या मांड्या वाळल्या की दुसऱ्या माणसापेक्षा जास्त दिसतात.

"बस," म्हणाले.

मी उभाच राहिलो. "वस्ताद, दवाखान्यात मी खोटं बोललो हुतो. डॉक्टर तसं म्हणाले न्हवते."

"म्हाइती हाय."

मला वाटलं नीट ऐकू आलं नाही. मी चांगला कान पुढं केला.

"म्हाइती हाय म्हणलं," ते म्हणाले. "त्याच दिशी खाली जाऊन डाक्टरला इचारलं की मी. पाय देणं वाईट, पर त्यानं हे झालं न्हाई म्हणाले."

"मग आला का न्हाईसा?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. राग असता तर बरं झालं असतं.

"डाक्टरनं सोडलं रं मला. तू कुठं सोडलंस?"

मी खाली जमिनीवर बसलो. उठताना काठी लागणार होती तरी बसलो. माफी मागितली. शब्द काय होते ते आठवत नाहीत. ते ऐकत होते.

"माझी खबर घेत हुतासा का, वस्ताद?" मी विचारलं. का विचारलं कुणास ठाऊक. हो म्हणतील असं वाटलं असेल.

"न्हाई. कोण सांगाय लागलं तर उठून जात हुतो."

"तालमीत चला. पोरं वाट बघत्यात."

"न्हाई जमायचं. कुणाच्या पाठीला हात लावायचं भ्या वाटतंय." मग म्हणाले, "दाव बगू पाठ."

मी शर्ट काढला आणि त्यांच्याकडे पाठ केली. त्यांचा हात वर आलेला मला समोरच्या आरशात दिसला. उंचवट्यापासून वीतभर अंतरावर तो थांबला. तसाच थोडा वेळ राहिला आणि परत मांडीवर गेला.

"घाल शर्ट," ते म्हणाले.

हे का लिहिलं

आजारात राग येतो. येणारच. फळीवर आठ महिने पडून राहिलेल्या माणसाला कुणी संत व्हायला सांगू नये. पण तो राग जवळच्याच माणसावर निघतो, कारण दुसरं कुणी हाताच्या टप्प्यात नसतं. तुमचं भांडं जो धुतो तोच त्या टप्प्यात असतो. मी त्याला दुखवायला खोटं रचलं, आणि बरा झाल्यावर ते मागं घ्यायला दोन वर्षांहून जास्त वेळ लावला. मणक्याचा टीबी गोळ्यांनी गेला. माझ्या त्या एका वाक्यानं तालमीचं काय गेलं, त्याचा हिशेब मला आजही लागत नाही. मी शिकवतो ते चांगलं शिकवतो असं लोक म्हणतात. वस्ताद असते तर पोरं कुठवर गेली असती, हे त्यांनी पाहिलेलं नाही.

वस्ताद पुढच्या वर्षी गेले. न्यायला सगळी तालीम जमली होती. मी पुढं झालो आणि खांदा द्यायला तिरडीच्या दांडीला हात घातला. बापूनं माझं मनगट धरलं.

"नगं दस्तगीर," तो हळू आवाजात म्हणाला. "तुझ्या पाठीला न्हाई झेपायचं."

त्याचं बरोबर होतं. मी दांडी सोडली. उचलणारे सगळे वजनाची सवय असलेले होते, झपाझप चालले. मी काठी टेकत मागून निघालो, पण पंचगंगेच्या घाटापर्यंत मला त्यांना गाठता आलं नाही.